हर्पीसची तपासणी : कोणती करायची, कधी करायची आणि रिपोर्टवर किती भरवसा ठेवायचा?

ठाणाकुशनूर (वार्ताहर) : हर्पीस ‘पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट हातात आला की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘हे आलं कुणाकडून?’ त्याच्या आधी दोन प्रश्न विचारायला पाहिजेत. तपासणी नेमकी कोणती केली? आणि संबंध आल्यापासून किंवा फोड उठल्यापासून किती दिवसांनी केली? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय हर्पीसच्या कागदाला काही अर्थ नसतो. तोच माणूस, तोच आजार, पण तपासणी चुकीच्या दिवशी केली तर निगेटिव्ह येते. आणि ज्याला आजारच नाही त्याचीही तपासणी कधी कधी पॉझिटिव्ह येते.

ठाणाकुशनूर, कमलनगर, औराद या पट्ट्यातला माणूस तपासणीसाठी कधी बिदरला जातो, कधी उदगीरला, कधी थेट हैदराबादला. रिपोर्ट इंग्रजीत येतो, समजावून सांगणारे कन्नड किंवा हिंदीत सांगतात आणि घरी येऊन चर्चा मराठीत होते. या फेऱ्यात अर्धी माहिती गळून जाते. उरतो तो एकच शब्द, पॉझिटिव्ह. त्या एका शब्दावर सोयरीक मोडते, सुनेवर बोट ठेवलं जातं, नवरा-बायकोत संशय शिरतो. म्हणून हा विषय जरा सविस्तर.

आधी नावाचा घोळ

आपल्याकडे नागीण म्हणतात, कन्नडमध्ये सर्पसुत्तु म्हणतात, तो ‘हर्पीस झोस्टर’. अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात, आग होते. हा कांजिण्यांच्या विषाणूचा आजार आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यावर तो विषाणू नसेत दबून राहतो आणि वय झालं किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की वर येतो. याचा शरीरसंबंधाशी काही संबंध नाही.

या लेखाचा विषय आहे ‘हर्पीस सिम्प्लेक्स’. याचा विषाणू वेगळा आहे. चिठ्ठीवर नुसतं ‘हर्पीस’ लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, झोस्टर की सिम्प्लेक्स? नागीण झालेल्या म्हाताऱ्या माणसाकडे घरच्यांनी वाकड्या नजरेनं बघावं, असं या नावाच्या घोळामुळं होऊ नये.

विषाणू एक नाही, दोन आहेत

हर्पीस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार आहेत. रिपोर्टवर त्यांना एचएसव्ही-१ आणि एचएसव्ही-२ लिहितात.

एचएसव्ही-१ मुख्यतः तोंडाचा. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला जे बारीक फोड उठतात ते बहुतेक वेळा याचेच. हा बहुतेकांना लहानपणीच लागतो. घरातल्या मोठ्यांनी मुका घेतला, लाळ लागली, एवढं पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांना, म्हणजे १०० पैकी ६४ जणांना, हा विषाणू आहे. मुखमैथुनातून तो जननेंद्रियालाही लागू शकतो.

एचएसव्ही-२ मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो आणि जननेंद्रियाच्या भागात राहतो. १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी लोकांना, म्हणजे १०० पैकी १३ जणांना, तो असावा असा याच संघटनेचा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांना आपल्याला असं काही आहे याची कल्पनाही नसते. कारण फोड येतच नाहीत, किंवा इतके किरकोळ येतात की माणूस उष्णतेचे किंवा घासल्याचे समजून सोडून देतो.

दोन्ही विषाणू एकदा शिरले की नसांच्या मुळाशी कायम राहतात. औषधानं फोड लवकर बरे होतात, पुन्हा पुन्हा उठणं कमी होतं, दुसऱ्याला लागण्याची शक्यताही कमी होते. पण विषाणू मुळापासून जात नाही. ‘गुप्तरोग मुळासकट बरा’ अशा भिंतीवरच्या जाहिराती वाचून पैसे घालवण्याआधी एवढं ध्यानात ठेवा.

तपासण्या कोणत्या?

१. फोडाच्या स्रावाची पीसीआर तपासणी. फोड किंवा जखम ताजी असताना तिथला स्राव कापसाच्या काडीनं, म्हणजे स्वॅबनं, घेतात आणि त्यात विषाणूचा अंश शोधतात. आज सगळ्यात भरवशाची तपासणी हीच. ती प्रकार १ की प्रकार २ हेही सांगते. मात्र फोड असला तरच तिचा उपयोग. फोड नसताना काडी फिरवून निगेटिव्ह आलं, तर त्यावरून आजार नाही असं म्हणता येत नाही, कारण विषाणू रोज कातडीवर येत नाही.

२. विषाणू वाढवून बघण्याची तपासणी, म्हणजे कल्चर. हीसुद्धा स्वॅबवरच होते, पण पीसीआरपेक्षा कमी पकडते. फोड सुकायला लागला, पपडी धरली, किंवा आजार दुसऱ्या-तिसऱ्यांदा उठलेला असला, तर ती हमखास कमी पडते.

३. झँक स्मिअर. फोड खरवडून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. स्वस्त आहे, लवकर होते. पण प्रकार १, प्रकार २ आणि नागीण यात ती फरक करू शकत नाही, आणि बऱ्याच वेळा चुकवते. एकट्या या तपासणीवर निर्णय घेऊ नये.

४. रक्तातली आयजीजी तपासणी. विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं यात मोजतात. ती तयार व्हायला आठवडे लागतात आणि एकदा तयार झाली की वर्षानुवर्षं राहतात. म्हणून ही तपासणी ‘कधीतरी लागण झाली होती’ एवढंच सांगते. कधी झाली, कुणाकडून झाली, अंगावर कुठं आहे, हे सांगत नाही. शिवाय प्रकार १ आणि २ वेगळे दाखवणारी तपासणीच कामाची. दोन्ही एकत्र करून ‘एचएसव्ही १+२ आयजीजी’ असा एकच आकडा दिला असेल, तर तो लहानपणच्या ओठावरच्या फोडांमुळंही पॉझिटिव्ह येतो. त्यावरून गुप्तरोगाचा अर्थ काढणं चूक आहे.

५. रक्तातली आयजीएम तपासणी. ‘आयजीएम म्हणजे ताजी लागण’ असं सर्रास समजलं जातं. काही आजारांत ते खरंही असतं. हर्पीसमध्ये नाही. जुना आजार पुन्हा उठला तरी आयजीएम वाढू शकतं, प्रकार १ आणि २ मधला फरक ते दाखवत नाही, आणि खोटं पॉझिटिव्हही येतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मार्गदर्शनात हर्पीससाठी आयजीएम वापरू नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. तरीही आपल्याकडे ही तपासणी लिहून दिली जाते आणि तिच्यावरूनच घरात सगळ्यात जास्त भांडणं लागतात.

दिवसांचा हिशेब

आता तारखेचं बघू. संबंधाचा दिवस शून्य धरा.

दुसरा ते बारावा दिवस : पहिल्यांदा लागण झाली असेल आणि लक्षणं दिसणारच असतील, तर बहुतेक वेळा याच दिवसांत दिसतात. आग, खाज, बारीक पाणीदार फोडांचा झुबका, ते फुटून होणारे दुखरे व्रण, लघवीला जळजळ, जांघेत गाठ, ताप. स्वॅब घ्यायची वेळ हीच. फोड उठल्यावर जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत, तितकं बरं. या दिवसांत रक्ताची तपासणी करून काही उपयोग नाही. शरीरानं प्रतिपिंडं अजून तयारच केलेली नसतात. निगेटिव्ह येईल आणि खोटा दिलासा मिळेल.

तिसरा ते सहावा आठवडा : अनेकांच्या रक्तात आयजीजी दिसायला लागतं, सगळ्यांच्या नाही. पॉझिटिव्ह आलं तर विचार करायचा, पण निगेटिव्ह आलं म्हणून विषय मिटला असं नाही.

बारावा आठवडा, म्हणजे तीन महिने : लागण झालेल्या बहुतेकांच्या रक्तात एव्हाना आयजीजी आलेलं असतं. लागणीचा खरोखर संशय असेल आणि आधीची तपासणी निगेटिव्ह असेल, तर ती पुन्हा करायची वेळ ही. मधल्या काळात नवीन संबंध आला असेल तर दिवस पुन्हा शून्यापासून मोजावे लागतात.

यात एक उपयोगी गोष्ट दडलेली आहे. फोड पहिल्यांदाच उठलेत, त्याच दिवशी रक्तात प्रकार २ चं आयजीजी नाही, पण स्वॅबमध्ये प्रकार २ सापडला, तर लागण अलीकडची आहे. उलट, फोड पहिल्यांदाच दिसले पण रक्तात त्याच प्रकाराचं आयजीजी आधीच चांगलं भरलेलं आहे, तर विषाणू जुना आहे, आत्ता फक्त वर आला. म्हणजे ‘आत्ता फोड आले, म्हणून आत्ताच कुठंतरी चूक झाली’ हा तर्क नेहमी बरोबर नसतो. लग्नाच्या कितीतरी वर्षांनी पहिला फोड उठू शकतो. नवऱ्याला किंवा बायकोला जाब विचारायच्या आधी हे समजून घेतलेलं बरं.

पॉझिटिव्ह म्हणजे किती पॉझिटिव्ह?

आयजीजीच्या रिपोर्टवर एक आकडा असतो. तो बघायची सवय लावा. जगात सगळ्यात जास्त वापरात असलेल्या एका किटमध्ये ०.९ पेक्षा कमी म्हणजे निगेटिव्ह, ०.९ ते १.१ म्हणजे अनिश्चित आणि १.१ पेक्षा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह असा हिशेब आहे. पण प्रकार २ साठी १.१ ते ३ या पट्ट्यातले पॉझिटिव्ह मोठ्या प्रमाणात खोटे निघतात, असं आढळलं आहे. म्हणून आकडा ३ पेक्षा कमी असेल तर वेगळ्या पद्धतीच्या दुसऱ्या तपासणीनं खात्री केल्याशिवाय निदान पक्कं करू नये, असं तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. प्रत्येक कंपनीच्या किटची मोजपट्टी वेगळी असते, त्यामुळं आपल्या रिपोर्टवर शेजारच्या रकान्यात छापलेली मर्यादा बघा. आकडा मर्यादेच्या जेमतेम वर असेल तर घाई करू नका.

प्रकार १ च्या बाबतीत उलटी अडचण आहे. त्याची रक्ततपासणी लागण झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना पकडतच नाही. त्या किटच्या बाबतीत ती १०० पैकी ७० च्या आसपासच पकडते, असं दिसून आलं आहे. म्हणजे प्रकार १ निगेटिव्ह आला तरी तो नाहीच असं छातीठोक सांगता येत नाही.

तपासणी चांगली असूनही चूक का होते, हे एका साध्या हिशेबानं समजतं. समजा, कसलीच लक्षणं नसलेल्या १००० लोकांची तपासणी केली आणि त्यातल्या ५० जणांना खरोखर लागण आहे. तपासणी १०० पैकी ९६ खऱ्या रुग्णांना पकडते, आणि निरोगी १०० पैकी ९५ जणांना बरोबर निगेटिव्ह सांगते, असं धरू. म्हणजे ५० पैकी ४८ जण पकडले जातील. पण उरलेले ९५० निरोगी, त्यांच्यातले ५ टक्के, म्हणजे सुमारे ४८ जण, फुकटच पॉझिटिव्ह निघतील. एकूण ९६ पॉझिटिव्ह, त्यातले निम्मे खोटे.

आता तीच तपासणी फोड असलेल्या, डॉक्टरांनी बघून संशय घेतलेल्या १००० लोकांवर करा. त्यातल्या ६०० जणांना खरोखर लागण आहे असं धरा. ५७६ खरे पॉझिटिव्ह येतील आणि ४०० निरोगींपैकी २० खोटे. तपासणी तीच, पण भरवसा कितीतरी वाढला. हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, पण तत्त्व खरं आहे. लक्षण नसताना उगाच केलेली तपासणी जास्त फसवते. याच कारणामुळं अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृती दलानं लक्षणं नसलेल्या माणसांची, गरोदर बायकांचीसुद्धा, हर्पीससाठी सरसकट रक्ततपासणी करू नये अशी शिफारस २०१६ मध्ये केली आणि २०२३ मध्ये ती कायम ठेवली.

‘टॉर्च’चा रिपोर्ट आणि सुनेवरचा ठपका

आपल्या भागात हर्पीसचं नाव बायकांच्या कानावर पहिल्यांदा पडतं ते ‘टॉर्च’ तपासणीमुळं. गर्भ राहून पडला, दोनदा पडला, की ही तपासणी लिहून दिली जाते. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पीस अशा आजारांची प्रतिपिंडं त्यात एकदम बघतात. त्यातला हर्पीसचा रकाना पॉझिटिव्ह आला की ‘हिला आजार होता म्हणूनच पोट पडलं’ असा निकाल घरातच लागतो.

हा निकाल चुकीचा आहे. हर्पीसचं आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे जुनी लागण, आणि ती बहुतेक वेळा लहानपणची ओठावरची असते. आयजीएमचा भरवसा नाही, हे वर आलंच. वारंवार गर्भपाताचं कारण शोधताना टॉर्च तपासणी सरसकट करणं सोडून द्यावं, असं ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं आपल्या मार्गदर्शनात म्हटलेलं आहे. वारंवार गर्भ पडण्याची कारणं वेगळी असू शकतात. थायरॉईड, साखर, गर्भाशयाची ठेवण, रक्तात गुठळ्या करणारा दोष, नवरा-बायकोच्या गुणसूत्रांतला दोष. पैसे खर्च करायचेच तर डॉक्टरांशी बोलून या दिशेनं करावेत. आणि गुणसूत्रांची तपासणी दोघांचीही होते, एकट्या सुनेची नाही.

मग गरोदरपणात हर्पीसची काळजी करायचीच नाही का? करायची, पण योग्य ठिकाणी. खरा धोका आहे तो गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदाच लागण होण्याचा. बाळंतपणाच्या सुमारास नवी लागण झालेल्या आईकडून बाळाला आजार जाण्याची शक्यता ३० ते ५० टक्के असते आणि नवजात बाळासाठी तो जीवघेणा ठरू शकतो. उलट, ज्या आईला आधीपासून हर्पीस आहे तिच्या बाळाला हा धोका १ टक्क्याहून कमी असतो, कारण आईची प्रतिपिंडं बाळाला मिळालेली असतात.

म्हणून गरोदर बाईनं कागदावरच्या आयजीजीपेक्षा तीन गोष्टी डॉक्टरांना सांगाव्यात. स्वतःला कधी खाली फोड आले होते का, नवऱ्याला आले होते का, आणि आत्ता काही आग, खाज, जखम आहे का. आधीपासून आजार असेल तर ३६ व्या आठवड्यापासून गोळ्या देतात. कळा सुरू होताना फोड असतील तर सिझेरियन करतात. नवऱ्याला फोडांचा इतिहास असेल आणि बायकोला कधी काही झालेलं नसेल, तर शेवटच्या तीन महिन्यांत संबंध टाळणं सगळ्यात बरं. बाळ झाल्यावर ओठावर फोड असलेल्या कुणीही, मग ती आजी असो की आत्या, बाळाचा मुका घेऊ नये.

सोयरीक ठरवताना

लग्नाआधी दोन्हीकडच्या रक्ततपासण्या करून घेण्याची पद्धत आता खेड्यातही येतेय. चांगली गोष्ट आहे. एचआयव्ही, गर्मी म्हणजे सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी या तपासण्यांना अर्थ आहे, कारण त्या भरवशाच्या आहेत आणि पॉझिटिव्ह आलं तर पुढं काय करायचं हे ठरलेलं आहे. लक्षणं नसलेल्या मुला-मुलीची हर्पीस रक्ततपासणी मात्र या यादीत बसत नाही. तिच्यातून खात्री कमी आणि बदनामी जास्त मिळते. ज्याला फोडांचा त्रास होऊन गेला आहे, त्यानं मात्र डॉक्टरांना दाखवून, निदान पक्कं करून, जोडीदाराला विश्वासात घेऊन सांगायला पाहिजे. निरोध वापरला तर लागण होण्याची शक्यता कमी होते, पूर्ण जात नाही, कारण निरोधानं न झाकलेल्या कातडीवरूनही विषाणू जाऊ शकतो. फोड असताना संबंध टाळणं हाच पहिला नियम.

पुण्यातल्या अभ्यासानं काय दाखवलं?

हर्पीस किरकोळ समजून सोडून द्यावा, असंही नाही. पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांसोबत १९९३ ते २००० या काळात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या, एचआयव्ही नसलेल्या २,७०० हून अधिक लोकांचा पाठपुरावा केला. त्यातल्या ४३ टक्के लोकांना सुरुवातीलाच एचएसव्ही-२ होता. हा आकडा गुप्तरोगाच्या दवाखान्यात येणाऱ्यांचा आहे, सगळ्या समाजाचा नाही. महत्त्वाची गोष्ट पुढं निघाली. ज्यांना एचएसव्ही-२ ची लागण नुकतीच झाली होती, त्यांना एचआयव्ही लागण्याचा धोका इतरांच्या तुलनेत जवळपास पावणेचार पट होता. व्रणातून एचआयव्हीला आत शिरायला वाट मिळते. म्हणून खाली फोड किंवा जखम झालेल्या प्रत्येकानं एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करून घ्यायलाच पाहिजे, आणि सुरुवातीचा रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा करायला पाहिजे.

जायचं कुठं?

सरकारी दवाखान्यात गुप्तरोगासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ चालवले जातात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा हा भाग आहे. आपल्यासाठी बिदरचं ब्रिम्स, कलबुर्गीकडच्यांसाठी जिम्स, सीमेपलीकडे लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं ही मोठी ठिकाणं. एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन सरकारी आयसीटीसी केंद्रात मोफत होतं आणि माहिती गुप्त ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. एचआयव्ही-एड्सबाबतचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

या कार्यक्रमात उपचार लक्षणं बघून सुरू करतात, मोठ्या तपासणीची वाट बघत बसत नाहीत. औषधांचे किट रंगानं ओळखतात. हर्पीससारखे दुखरे, झुबक्यानं आलेले फोड-व्रण असतील तर लाल किट, त्यात असायक्लोव्हिरच्या गोळ्या. न दुखणारा, कडक कडेचा व्रण असेल तर सिफिलिसचा संशय घेऊन पांढरं किट. कार्यक्रम देशाचा असल्यानं कर्नाटकात जा की महाराष्ट्रात, किटचे रंग तेच.

हे महत्त्वाचं अशासाठी की असायक्लोव्हिर जितकं लवकर, शक्यतो फोड उठल्यापासून तीन दिवसांत सुरू होईल, तितका त्याचा फायदा. पीसीआरसाठी नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागला आणि रिपोर्टला वेळ लागला तरी उपचार थांबवू नये. स्वॅब द्यायचा, गोळ्या त्याच दिवशी सुरू करायच्या.

लाजेपोटी मेडिकलवर जाऊन ‘खाजेचं मलम’ मागणं ही आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक. अशा मलमांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. त्यानं फोड वाढू शकतात, दिसायला बदलतात आणि नंतर बघणाऱ्या डॉक्टरला ओळखायला अवघड जातं. ऊसतोडीला, हैदराबाद-पुण्याला कामाला गेलेल्या माणसानंही गावी परत यायची वाट न बघता, जिथं आहे तिथल्या सरकारी दवाखान्यात फोड ताजा असतानाच दाखवावं. गावी येईपर्यंत फोड सुकतो आणि तपासणीची वेळ निघून जाते.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

दवाखान्यात लाजून गप्प बसू नका. कागदावर लिहून न्या.

– ही तपासणी फोडाची आहे की रक्ताची?
– रक्ताची असेल तर आयजीजी की आयजीएम? प्रकार १ आणि २ वेगळे दाखवले आहेत का?
– आकडा किती आला आणि मर्यादा किती आहे?
– संबंधाला किंवा फोडाला किती दिवस झालेत? पुन्हा तपासणी लागेल का, आणि कोणत्या तारखेला?
– एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी झाली का?
– जोडीदारालाही दाखवायला पाहिजे का?

थोडक्यात

फोड ताजा असेल तर लगेच स्वॅब. फोड नसेल आणि संशय असेल तर बारा आठवड्यांनी प्रकार वेगळे दाखवणारं आयजीजी. आयजीएमवर निर्णय नको. आकडा मर्यादेजवळ असेल तर खात्रीची दुसरी तपासणी झाल्याशिवाय कुणाला काही बोलू नका. प्रकार १ चं आयजीजी पॉझिटिव्ह आलं तर त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा अंदाज बांधू नका, ते जगातल्या निम्म्याहून जास्त लोकांत आहे. रिपोर्ट जपून ठेवा आणि त्यावर तपासणीचं नाव आणि तारीख दिसते का, हे तिथल्या तिथं बघून घ्या.

एचआयव्ही आणि गुप्तरोगाविषयी माहिती हवी असेल तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषध आणि तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करावी.)